दुभाष्याचे मानधन कोणत्या रकान्यात लिहावे? मुलांच्या सर्वसमावेशक संगीत उपक्रमासाठी छोटे अनुदान मागताना

प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ‘हा उपक्रम सर्व मुलांसाठी खुला आहे’ असे वाक्य असते आणि शेवटच्या पानावरील अंदाजपत्रकात गुरुजींचे मानधन, पेटीची दुरुस्ती, सभागृहाचे भाडे, बॅनर आणि प्रमाणपत्रांची छपाई एवढ्याच बाबी असतात; कर्णबधिर मुलांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी, साहाय्यक किंवा प्रवास यांचा उल्लेखही नसतो. मुंबईतील लहान संस्थांचे असे बरेच प्रस्ताव मी दुरुस्त करून दिले आहेत, एका स्थानिक निधीच्या निवड समितीवर बसून वाचलेही आहेत, आणि माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रस्तावात नेमकी हीच चूक होती.

आमचा वर्ग मध्य मुंबईतील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दर रविवारी सकाळी भरत असे. इमारतीला लिफ्ट नव्हती. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका अकरा वर्षांच्या मुलीला तिचे वडील उचलून बावीस पायऱ्या चढवत, मग खाली जाऊन खुर्ची वर आणत आणि वर्ग सुटेपर्यंत दीड तास जिन्यात बसून राहत. चौथ्या रविवारी ती आली नाही, आणि त्यानंतर कधीच आली नाही. त्याच रस्त्यावरची तळमजल्याची खोली महिन्याला आठशे रुपयांनी महाग होती म्हणून आम्हीच ती नाकारली होती. बॅनरवर मात्र त्याहून अधिक खर्च केला होता. तेव्हापासून कोणाचाही प्रस्ताव हाती आला की मी तो शेवटच्या पानापासून वाचायला घेतो. ज्या सोयीसाठी पैसे मागितलेले नाहीत ती सोय प्रत्यक्षात होत नाही, हा माझा आजवरचा अनुभव आहे. पुढील मार्गदर्शन साधारण पन्नास हजार ते तीन लाख रुपयांच्या अनुदानांपुरते असून ते याच अनुभवावर आधारलेले आहे.

आधी मुले ठरवावीत

वाद्यांची यादी करण्यापूर्वी खोलीत कोणती मुले असतील हे ठरवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने १९९५ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या ७ प्रकारांच्या जागी २१ प्रकार मान्य केले. त्यांत स्वमग्नता (ऑटिझम) आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांसारख्या, बाहेरून पाहणाऱ्याला चटकन न कळणाऱ्या स्थितीही आहेत. याच कायद्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात सहभागी होण्याच्या हक्काविषयी आहे आणि प्रस्तावात त्याचा एका ओळीत उल्लेख करणे योग्य ठरते. मात्र कायद्याचे उतारेच्या उतारे चिकटवू नयेत. वाचणाऱ्याला ते ठाऊक असतात.

सर्वसमावेशक या शब्दाचा अर्थ केवळ दिव्यांग मुलांचा स्वतंत्र वर्ग असा होत नाही. तसा वर्ग उपयुक्त असू शकतो, पण त्यासाठी वेगळा प्रस्ताव लिहावा. वस्तीतील वीस मुलांपैकी सात-आठ मुलांना काही ना काही विशेष सोय लागते आणि बाकीची त्यांच्याबरोबर वाजवतात, अशी रचना मला सर्वांत चालणारी वाटते. मुंबईत यात भाषेचाही प्रश्न मिसळतो. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात, आणि कुर्ला किंवा धारावीतील एकाच गल्लीतली मुले यांपैकी तीन-चार माध्यमांत विखुरलेली असतात. म्हणून सगळी गाणी एकाच भाषेत ठेवली तर काही मुले पहिल्याच दिवशी पाहुणी ठरतात.

प्रवेशाच्या वेळी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागू नये. ते काढण्यासाठी रुग्णालयात माराव्या लागणाऱ्या खेपा अनेक कुटुंबांना परवडलेल्या नसतात, आणि काही पालकांनी तो शब्दच अजून स्वीकारलेला नसतो. त्याऐवजी पालकांना तीन गोष्टी विचाराव्यात: मूल कशाने खूश होते, कशाने बिथरते आणि दमले की काय करते. ही उत्तरे नोंदवून ठेवलीत तर वर्गाचा अर्धा आराखडा तिथेच तयार होतो.

वर्गात नेमके काय होईल

निधी देणाऱ्यांना ‘संगीताच्या माध्यमातून सर्वांगीण विकास’ हे वाक्य वाचून वाचून कंटाळा आलेला असतो. त्यांना एका दिवसाचे चित्र द्यावे, आणि ते द्यायचे तर ते आधी आपल्यालाच स्पष्ट दिसले पाहिजे.

आपल्या तालपद्धतीत यासाठी मोठी सोय आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. १६ मात्रांच्या तीनतालात १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी पडते आणि ९ व्या मात्रेला खाली, म्हणजे हात उलटा करून बाजूला नेला जातो. गवई हे शतकानुशतके करत आले आहेत. कर्णबधिर मूल हे सारे डोळ्यांनी वाचू शकते. समोर बसलेल्याची खाली दिसली की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आठ मात्रांवर आली, हे त्याला कोणी ऐकवावे लागत नाही. आमच्या वर्गातील एक मुलगा ढोलाच्या अंगाला डावा तळहात लावून बसायचा आणि उजव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा. तिसऱ्या आठवड्यात इतर मुले लय वाढवत सुटली तेव्हा त्यांच्याकडे पाहून हात वर करून थांबवणारा तोच होता. आम्हा शिक्षकांच्या ते ध्यानातही आले नव्हते.

प्रत्येक रचना तीन थरांत बसवावी. एका थरात फक्त सम धरायची असते, आणि ती घुंगरांची पट्टी बांधलेल्या पायानेही धरता येते. दुसऱ्या थरात दादरा किंवा केरवा यांसारखा सोपा ठेका असतो. तिसऱ्यात धून आणि शब्द येतात. मुलाने कोणत्या थरात राहायचे हे त्यानेच ठरवावे आणि एका वर्गात दोनदा बदलले तरी चालावे. हाताची पकड कमी असलेल्या मुलासाठी लेझीम किंवा खंजिरीला वेल्क्रोची पट्टी शिवून घेता येते, डफ स्टँडवर टांगता येतो, आणि दृष्टिहीन मुलाला वाद्य देण्याआधी ते सगळ्या बाजूंनी चाचपू द्यावे लागते. ताशाची कडकड मात्र बंद खोलीत स्वमग्न मुलांना असह्य होऊ शकते. ताशा ठेवायचाच असेल तर वाजण्याआधी हाताची ठरलेली खूण करावी, कानांवर लावायचे आवाजरोधक दोन-तीन जोड जवळ ठेवावेत आणि एक शांत कोपरा राखावा. त्या कोपऱ्यात जाणे म्हणजे शिक्षा, असा समज होणार नाही याची काळजी शिक्षकाने पहिल्या दिवसापासून घ्यावी. मी स्वतः अधूनमधून तिथे जाऊन बसतो.

काही संस्था उपक्रमाचे यश म्हणून ‘इतकी मुले संगीताची प्रारंभिक परीक्षा उत्तीर्ण होतील’ असे लिहितात. परीक्षेला माझा विरोध नाही, पण असे लिहिले की वर्षअखेरीस शिक्षकाचे लक्ष परीक्षेला बसणाऱ्या सहा मुलांवर जाते आणि बाकीची चौदा टाळ्या वाजवत बसतात.

अंदाजपत्रक

येथे एक नमुना देतो. त्यातील दर उदाहरणादाखल आहेत; आपापल्या भागातील दर विचारून घ्यावेत. वीस मुले, आठवड्यातून एक याप्रमाणे २४ वर्ग, आठ मुलांना सोबतीची गरज आणि त्यांपैकी तीन कर्णबधिर, असे गृहीत धरले आहे.

मुख्य संगीतशिक्षकाचे मानधन वर्गाला १,५०० रुपये म्हणजे ३६,००० रुपये. दोन साहाय्यक, प्रत्येकी ७०० रुपये, म्हणजे ३३,६००. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी वर्गाला १,२०० रुपये दराने २८,८००. आठ मुले आणि त्यांचे सोबती यांचा जाण्यायेण्याचा खर्च जोडीला १२० रुपये धरून २३,०४०. तीस माणसांचा खाऊ माणशी २५ रुपयांनी १८,०००. वाद्ये, त्यांतील फेरबदल आणि दुरुस्ती २०,०००. वर्ग सुरू होण्यापूर्वी चार जणांनी तीन दिवस एकत्र बसून तयारी करण्याचे मानधन ६,०००. जागा आणि समारोप १०,०००. लेखापरीक्षण ५,०००. एकूण १,८०,४४० रुपये.

हा आकडा मुद्दाम गोल केलेला नाही. १,८०,००० लिहिले की हिशेब वरून खाली आला आहे, म्हणजे आधी रक्कम ठरली आणि मग बाबी बसवल्या, अशी शंका वाचणाऱ्याला येते. साहाय्यक, दुभाषी आणि प्रवास या तीन बाबींची बेरीज ८५,४४० रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या जवळजवळ निम्मी होते. हे पाहून अनेक संस्थाचालक घाबरतात आणि प्रवासखर्चावर पहिली काट मारतात. तसे करू नये. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, पण त्या डब्यापर्यंत पोहोचायला फलाटाचा पूल चढावा लागतो, स्थानकापर्यंत रिक्षा करावी लागते आणि आईला किंवा वडिलांना अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. काट मारायचीच असेल तर समारोपावर मारावी. फुलांचे गुच्छ, शाली आणि प्रमुख पाहुण्यांचे स्मृतिचिन्ह वगळून कोणताही समारोप अधिक चांगला होतो.

दुभाष्याचे मानधन ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ या रकान्यात कधीही लिहू नये. तो शिक्षकांच्या शेजारी, मनुष्यबळाच्या रकान्यात असावा. ‘किरकोळ’मधला दुभाषी पैसे कमी पडताच सर्वांत आधी जातो. दुभाषी कोठे मिळेल याची चौकशी वांद्रे येथील, वाणी आणि श्रवण दिव्यांगत्वावर काम करणाऱ्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत करता येते. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी वर्ग कसा आखावा याबद्दल अशा मुलांच्या शाळांतील अनुभवी शिक्षकांना विचारावे, आणि त्या सल्ल्याचेही मानधन द्यावे. तयारीच्या ६,००० रुपयांत तेही बसते.

पैसे कोणाकडे मागावेत

इंग्लंडमध्ये केवळ मुलांच्या आणि तरुणांच्या संगीतासाठी लॉटरीच्या पैशांतून चालणारी यूथ म्युझिक नावाची संस्था १९९९ पासून आहे. आपल्याकडे अशी एकच खिडकी नाही, त्यामुळे चार ठिकाणी थोडे थोडे मागावे लागते.

पहिले ठिकाण कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी, ज्याला सगळेच सीएसआर म्हणतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के या कामासाठी खर्च करावे लागतात, आणि कोणत्या कामांवर ते करावेत याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. त्या यादीत विशेष शिक्षणासह शिक्षण आहे आणि कला व संस्कृती यांचे जतनही आहे. आपला उपक्रम कोणत्या बाबीत बसतो हे आपणच लिहून द्यावे, कारण कंपनीतील अधिकाऱ्याला तेच वाक्य पुढे समितीसमोर ठेवायचे असते. मोठ्या कंपन्यांना दीड लाखाचा प्रस्ताव हाताळणे त्रासाचे वाटते. मध्यम आकाराच्या, अंधेरी किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांकडे जावे असे मी सुचवेन.

दुसरे ठिकाण रोटरीसारखी सेवामंडळे. मुंबईतील क्लब रोटरीच्या ३१४१ या प्रांतात येतात. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटसाठी प्रकल्पाचे किमान अंदाजपत्रक ३०,००० डॉलर लागते, म्हणून तिकडे वेळ घालवू नये. क्लबच्या स्वतःच्या निधीबद्दल आणि प्रांताच्या लहान अनुदानाबद्दल विचारावे. तिसरे ठिकाण म्हणजे केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची कला संस्कृती विकास योजना. तिच्यातील कार्यक्रम व निर्मितीसाठीचे अनुदान महोत्सव आणि प्रयोगांकडे झुकलेले आहे, त्यामुळे सहा महिन्यांच्या साप्ताहिक वर्गासाठी ते अवघडच बसते. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाशिक्षणासाठी अनुदाने देते, पण तो कार्यक्रम कर्नाटकातील शाळांभोवती उभा आहे, हे अर्ज भरण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

चौथे ठिकाण आपली वस्ती. गणेशोत्सव मंडळाकडून रोख रक्कम मागण्यापेक्षा वर्षातील दहा महिने रिकामी असलेली तळमजल्याची खोली मागावी. तिचे बाजारभावाने भाडे किती झाले असते ते अंदाजपत्रकात ‘स्थानिक सहभाग’ म्हणून दाखवता येते आणि निधी देणाऱ्यांना ते आवडते. व्यक्तिगत देणगीदारांकडून शक्यतो बँकेमार्फत पैसे घ्यावेत, कारण २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर त्यांना आयकरात सवलत मिळत नाही. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांचे नागरिकत्व आधी विचारावे: भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी योगदान ठरत नाहीत, पण नागरिकत्व बदललेल्या चुलतभावाचे ठरतात, आणि त्यासाठी परदेशी योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

कागदपत्रे

महाराष्ट्रात बहुतेक लहान संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि त्याचबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. मुंबईचे कार्यालय वरळीला आहे. नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना म्हणजे नियमावली, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आयकराच्या १२ए (संस्थेच्या करमाफीसाठी) आणि ८०जी (देणगीदाराच्या सवलतीसाठी) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील क्रमांक एवढा संच एका फाइलमध्ये तयार असावा. सीएसआरचा निधी घ्यायचा तर संस्थेने सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घेतलेला असावा लागतो, आणि संस्थेला अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो.

चार वादक मित्रांच्या अनोंदणीकृत गटाने हे सारे वाचून खचू नये. अनुभवी नोंदणीकृत संस्थेच्या नावे अर्ज करावा, आणि पैसे कोणाच्या खात्यात येतील, शिक्षकांचे मानधन किती दिवसांत निघेल, वाद्ये शेवटी कोणाकडे राहतील आणि संस्था व्यवस्थापनासाठी किती टक्के ठेवेल हे दोन पानी करारात लिहून घ्यावे. मैत्रीखातर हे तोंडी ठेवल्यामुळे झालेली भांडणे मी पाहिली आहेत, आणि ती बहुतेक वेळा वाद्यांवरून झाली आहेत.

वेळापत्रक

कंपन्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते, शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. जानेवारीत अर्ज करावा आणि वर्ग जुलैत सुरू करावा. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तुंबल्याने दोन-तीन वर्ग बुडणारच, ते आधीच धरून २४ वर्गांसाठी २८ आठवडे मागावेत. गणेशोत्सवात वर्ग घेण्याचा हट्ट धरू नये. समारोप जानेवारीत उरकावा, कारण त्यानंतर मोठ्या मुलांच्या परीक्षा सुरू होतात. सायंकाळी उघड्या मैदानात समारोप असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही आणि रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते, हे जागा ठरवतानाच पाहावे.

सुरक्षितता आणि हक्क

बाल लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे, आणि अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हाही त्याखाली गुन्हा आहे. प्रस्तावात एक पान या विषयाला द्यावे: शिक्षक व साहाय्यकांची पोलीस पडताळणी, खोलीत कायम दोन प्रौढ, शौचालयात मदत लागणाऱ्या मुलाला कोण नेणार याचे लेखी उत्तर, आणि १०९८ हा मदत क्रमांक मुलांना वाचता येईल अशा ठिकाणी. शौचालयाचा प्रश्न लिहिताना लोकांना संकोच वाटतो, पण दिव्यांग मुलांचे पालक पहिल्याच भेटीत तोच विचारतात.

छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलालाही विचारावे. बालगृहातील मुले सहभागी असतील तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ मुळे त्यांची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. तेथे हातांची आणि वाद्यांची छायाचित्रे काढावीत. गाण्यांबाबत, हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. समारोपाचे चित्रण इंटरनेटवर टाकणे ही निराळी गोष्ट आहे, म्हणून तिथे ओव्या, संतरचना किंवा मुलांनी स्वतः केलेली गाणी ठेवावीत.

लिहिणे आणि कळवणे

प्रस्ताव चार पानांहून मोठा नसावा. ‘विशेष गरजा असलेल्या बालकांना मुख्य प्रवाहात आणण्यात येईल’ याऐवजी ‘प्रत्येक वर्गात दुभाषी शिक्षकाच्या उजवीकडे, मुलांना तोंड करून उभी राहील आणि ठेक्याचे बोल हातांनी दाखवेल’ असे लिहावे. दुसरे वाक्य लिहायचे तर दुभाषीशी आधी बोलावे लागते, आणि ते बोलणे झाले आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळते.

पहिला हप्ता आला की दोन वह्या सुरू कराव्यात. एक हजेरीची, ज्यात मूल न आल्यास त्याच रात्री फोन करून कारण लिहायचे. ‘पाऊस’, ‘आईची कामाची पाळी बदलली’, ‘मागच्या वेळी कोणीतरी चिडवले’. दुसरी निरीक्षणाची, ज्यात प्रत्येक वर्गानंतर साहाय्यकाने दोनच मुलांबद्दल तीन-तीन ओळी लिहायच्या, म्हणजे २४ वर्गांत प्रत्येक मुलाची पाळी किमान दोनदा येते. सहा महिन्यांनी अहवाल लिहायला बसाल तेव्हा उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापाल देतील. बाकीचा मजकूर या दोन वह्यांतून उतरवता येतो. एखाद्या बाबीवरचे पैसे उरले किंवा कमी पडले तर अहवालाची वाट न पाहता महिन्याभरात पत्र लिहून फेरवाटपाची परवानगी मागावी. खाऊचे उरलेले चार हजार प्रवासखर्चाकडे वळवायला मला आजवर कोणीही नकार दिलेला नाही, मात्र पत्रासोबत हजेरीच्या वहीचे एक पान मी नेहमी जोडतो.